सोशल मीडियावर नवीन आहात? पहिल्या पोस्टच्या आधी ही कामं उरकून घ्या

शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी मोकळा बसलेला असतो, तेव्हा मुलगा त्याच्या हातात नवा स्मार्टफोन ठेवतो. "बाबा, फेसबुक उघडून दिलंय, व्हॉट्सॲपही चालू केलंय. बघत बसा!" हे सगळं दहा मिनिटांत उरकलेलं असतं. संध्याकाळपर्यंत शाळेच्या बॅचचा ग्रुप सापडतो, चाळीस वर्षांत न भेटलेला मित्र सापडतो आणि गाडी सुरू होते.

अडचण पुढे येते. अकाउंट बाबांचं, पण पासवर्ड मुलाच्या डोक्यात आणि ईमेल कुठला दिला ते कुणालाच आठवत नाही. फोन बिघडला किंवा अकाउंट बंद पडलं की पासवर्ड बदलण्याची लिंक त्या विसरलेल्या ईमेलवर जाते. म्हणून अकाउंट दुसऱ्याने उघडून दिलं तरी नंबर आणि ईमेल स्वतःचाच हवा आणि पासवर्ड घरातल्या एखाद्या वहीत लिहिलेला हवा. वहीत लिहू नये असं अनेक जण सांगतात. पण कपाटातल्या वहीपेक्षा सगळीकडे एकच जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवणं जास्त धोक्याचं आहे.

व्हॉट्सॲपची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मोबाइल नंबर हीच माणसाची ओळख. नवीन फोनवर ॲप टाकलं की त्या नंबरवर सहा आकडी कोड येतो, तो भरला की अकाउंट सुरू. ज्याच्या हाती कोड, त्याच्या हाती अकाउंट! नेमका याच सोयीचा फायदा चोर घेतात. एखाद्या ओळखीच्या नंबरवरून मेसेज येतो, "अरे, माझा कोड चुकून तुझ्याकडे गेलाय, जरा पाठव ना." मेसेज मित्राच्या नावाने असतो, पण मित्राचं अकाउंट आधीच चोरीला गेलेलं असतं. कोड पाठवला की आपलंही जातं. मग आपल्या नावाने सगळ्या नातेवाइकांना निरोप जातात, "हॉस्पिटलमध्ये आहे, वीस हजार पाठव."

असं झालंच तर घाबरून बसण्यापेक्षा एक काम लगेच करता येतं. आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करायचं, स्वतःचा नंबर टाकायचा आणि एसएमएसने आलेला नवा कोड भरायचा. त्या क्षणी चोर बाहेर फेकला जातो. त्याने मध्येच स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर अकाउंट पुन्हा वापरायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तोवर चोरालाही ते वापरता येत नाही. नंतर 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथे अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला दिसला तर तोही काढून टाकायचा.

आणि हे सगळं टाळायचं असेल तर सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आजच चालू करावं. तिथे ठरवलेला सहा आकडी पिन नसेल तर नुसता एसएमएसचा कोड मिळून चोराला काही करता येत नाही.

नंबर बदलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर भारतात किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. जुन्या नंबरवरच फेसबुक, बँक आणि ईमेल अडकलेलं असेल, तर त्यांचे ओटीपी परक्याच्या फोनवर जाऊ लागतात. सिम सोडण्याआधी सगळीकडे नवा नंबर नोंदवावा.

फेसबुकवर पहिल्याच आठवड्यात फ्रेंड रिक्वेस्टचा पाऊस पडतो. त्यात एखादा मित्र दुसऱ्यांदा रिक्वेस्ट पाठवताना दिसला, की बहुधा कुणीतरी त्याचा फोटो उचलून खोटं प्रोफाइल बनवलेलं असतं. अशा वेळी सरळ त्याला फोन लावून विचारावं. आपलंच असं खोटं प्रोफाइल होऊ नये म्हणून 'प्रोफाइल लॉक' करता येतं. ही सोय फेसबुकने २०२० मध्ये भारतात आणली. मित्रांची यादीही लपवता येते, आणि लपवलेलीच बरी, कारण खोटं प्रोफाइल बनवणारा पुढच्या रिक्वेस्ट त्याच यादीवरून पाठवतो. निळ्या टिकमार्कवरही फार विसंबू नये, आता तो दरमहा पैसे भरूनही मिळतो.

यापुढचा मुद्दा फॉरवर्डचा. नव्या माणसाला वाटतं, आपण फक्त पुढे ढकललं, लिहिलं थोडंच? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. टोळी वगैरे काही नव्हती. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावधच करतोय असं वाटलं असणार.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० पासून अनेक हात फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसते. ती खूण दिसली म्हणजे मेसेज खोटाच असतो असं नाही. पण पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही, एवढं नक्की. 'माझ्या डॉक्टर भाच्याने सांगितलंय' अशी सुरुवात असली आणि वर दोन बाण असले, तर तो भाचा कुणाचा हे विचारायला हरकत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला कुणी 'डिजिटल अटक' झाल्याचं सांगत असेल तर तो फोन सरळ कट करावा, कारण असली अटक कायद्यात नाहीच.

एवढं झालं की पहिली पोस्ट लिहायला बसावं. मराठी टायपिंग येत नाही म्हणून रोमन अक्षरांत लिहिण्याची गरज नाही. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' टाइप केलं तरी देवनागरीत उमटतं, आणि माइकचं बटण दाबून बोललं तर तेही नको. मात्र बोलून लिहिलेलं पाठवण्याआधी वाचून घ्यावं, आडनावांचं हे यंत्र हमखास भलतंच काहीतरी करून ठेवतं. व्हॉट्सॲपवर चूक राहिलीच तर १५ मिनिटांच्या आत मेसेज दाबून धरून ती दुरुस्त करता येते.