वॉशिंग्टनसाठी आमचंही एक मत!

अमेरिकेचा अध्यक्ष साऱ्या जगाला नाचवतो, मग त्याला निवडताना जगाला का विचारू नये? दर चार वर्षांनी ही हौस कुठे ना कुठे उफाळून येतेच. 2004 मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’नं तर कंबरच कसली. ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत आधीच्या निवडणुकीत अल गोर जेमतेम 324 मतांनी पुढे होते. पेपरनं तिथली मतदारयादी मिळवली आणि वाचकांना सांगितलं, घ्या एकेक पत्ता आणि लिहा पत्रं! जॉन ल कारे, रिचर्ड डॉकिन्स अशी बडी मंडळीही अध्यक्ष बुश यांच्याविरोधात लिहायला बसली. ओहायोकरांनी उलट टपाली इंग्रजांच्या चहापासून दातांपर्यंत सगळ्याचा उद्धार केला. मोहीम गुंडाळावी लागली. निकालात क्लार्क काउंटी बुश यांच्या पदरात! गोर यांनी जिंकलेल्या ओहायोतल्या काउंट्यांपैकी बुशकडे फिरली ती ही एकटीच. पत्रांमुळेच फिरली असं छातीठोक सांगता येत नाही, पण आगाऊ सल्ल्याला याहून झणझणीत उत्तर सापडणं कठीण.

तसं परक्यांचं मत अमेरिकेला नवं नाही. 1848 मध्ये विस्कॉन्सिन राज्य झालं, तेव्हा ‘मला इथला नागरिक व्हायचंय’ एवढं जाहीर करणाऱ्या गोऱ्या परदेशी पुरुषाला तिथं मत होतं. तिथंच जन्मलेल्या बाईला मात्र नव्हतं! इतर अनेक राज्यांतही ही सवलत होती. आर्कान्सानं ती 1926 मध्ये बंद केली, सगळ्यांत शेवटी. आज वॉशिंग्टनला खेटून असलेल्या टकोमा पार्क गावात 1992 पासून परदेशी रहिवासी स्थानिक निवडणुकीत मत देतात. अध्यक्षासाठी मात्र नाही.

ग्रीन कार्डवाल्याची तऱ्हा आणखी न्यारी. त्यानं कर भरायचा. वय 18 ते 25 असेल, तर लष्करी सेवेच्या यादीत नाव असलंच पाहिजे. उमेदवाराला देणगीही देता येते. पैसे चालतात, मत चालत नाही.

तिकडे ब्रिटनमध्ये नेमकं उलटं. पुण्याचा एखादा इंजिनिअर नोकरीच्या व्हिसावर लंडनला गेला, तर भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून तो थेट ब्रिटिश संसदेसाठी मत देऊ शकतो, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. त्याच्या शेजारी तीस वर्षं राहणारा फ्रेंच माणूस मात्र नुसता बघत बसणार! न्यूझीलंडनं तर 1975 पासून कायम रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क दिलाय; वर्षभर तिथं राहिलात की झालं.

आता अमेरिकेचे ‘आपलेच’ लोक बघा. अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिकोत राहणारे अमेरिकन नागरिक अध्यक्षासाठी मत देऊ शकत नाहीत. तेच लोक फ्लोरिडात मुक्काम हलवला की देऊ शकतात. ग्वाम बेटावरही तेच रडगाणं, म्हणून तिथं हौसेनं नुसतंच प्रतीकात्मक मतदान घेतात. उलट 1997 मध्ये डेव्हिड वुल्फ या अंतराळवीरानं टेक्सासमधलं आपलं मत अवकाशातून दिलं, तेही रशियाच्या ‘मीर’ स्थानकावरून!

जगानं नाक खुपसू नये म्हणणाऱ्या अमेरिकेचा स्वतःचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. डोव्ह लेव्हिन या अभ्यासकाच्या मोजणीनुसार 1946 ते 2000 या काळात अमेरिकेनं परक्या देशांच्या निवडणुकांत 81 वेळा हस्तक्षेप केला; सोव्हिएत संघ आणि नंतरचा रशिया मिळून 36 वेळा.

मला विचाराल तर अमेरिकेत राहून कर भरणाऱ्याला मत मिळायला हरकत नाही. दापोलीच्या ओसरीवर बसून ट्रम्पवर चिडणाऱ्याला अजिबात नको. त्यानं हवं तर तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरमचा कित्ता गिरवावा. कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या या गावानं त्यांच्यासाठी देवळात पूजा घातल्या. 2020 मध्ये फटाके फुटले, 2024 मध्ये देव काही पावला नाही.

खात्रीचा रस्ता एकच: रीतसर नागरिकत्व घेणं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार त्याच वाटेनं 2023 मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसले. अध्यक्षपद मात्र त्यांना बंद. जन्म चिकोडीचा!