‘-कर’ म्हणजे मूळ रहिवासी? गावावरून पडलेल्या आडनावांविषयी

गैरसमज: आडनावात गाव असेल, तर ते घराणे त्या गावचे मूळ रहिवासी असते.

डहाणूकर हे आडनाव कानावर पडले की ‘म्हणजे हे डहाणूचे मूळ धनी’ असा निष्कर्ष हमखास काढला जातो, आणि त्याच ओघात, ज्यांच्या आडनावात गाव नाही ते वारली, कोकणा, धोडिया लोक जणू मागाहून आले, असेही सुचवले जाते. हा तर्क कितीदाही खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो. प्रत्यक्षात तो मुळातच उलटा आहे.

वस्तुस्थिती: ‘-कर’ हा प्रत्यय ‘त्या गावचा’ एवढेच सांगतो, आणि हे सांगण्याची गरज बहुधा माणूस गाव सोडून परक्या ठिकाणी गेल्यावरच पडते. तलासरी तालुक्यातील उधवा येथे सगळेच उधव्याचे असल्याने त्या नावाने कोणाला वेगळे ओळखता येत नाही. तेथे ओळख सांगितली जाते ती पाड्यावरून, म्हणजे गावातील वस्तीवरून, आणि कुळावरून, म्हणजे एका पूर्वजापासून आलेल्या मानल्या जाणाऱ्या वंशगटावरून. ज्यांचे आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड येथे गेले, त्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या आडनावात गंजाड नाही, म्हणून त्यांना उपरे ठरवण्यास कोणी धजावणार नाही. उलट डहाणूकर हे नाव ठळकपणे वाचायला मिळते ते विलेपार्ल्याच्या वाणिज्य महाविद्यालयावर आणि पुण्यात कोथरूडच्या वसाहतीला, म्हणजे डहाणूपासून दूर.

याला लेखी पुरावाही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घराणे सकपाळांचे, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचा जन्म मात्र १८९१ मध्ये महू येथे झाला आणि ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेच्या दाखल्यात झाली, म्हणजे गावाचे नाव आडनाव म्हणून नोंदले गेले ते गावापासून शेकडो मैल भटकून आलेल्या कुटुंबात. दीनानाथ मंगेशकर यांनीही घराण्याचे हर्डीकर हे आडनाव मागे ठेवून गोव्यातील मंगेशी गावावरून नवे आडनाव घेतले.

तलासरी परिसरातच याहून बोलके उदाहरण आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची जी परिषद भरली, तिच्यामागे उभ्या असलेल्या गोदावरी परुळेकर यांच्या आडनावात सिंधुदुर्गातील परुळे आहे. पण त्या माहेरच्या गोखले, जन्म पुण्याचा, आणि परुळे त्यांच्याकडे आले ते विवाहाने. आडनावावरून रहिवास ठरवणाऱ्यांनी त्यांना कोठे बसवावे?

इंग्लंडातही वेगळे घडलेले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पूर्वजाचा उल्लेख ‘बोल्डन बुक’ या डरहॅमच्या बिशपच्या ११८३ सालच्या जमीन-नोंदीत येतो. त्यानुसार हर्टबर्नच्या विल्यमने ते गाव देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतले आणि पुढे घराणे नव्या गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथे जमीन मिळाल्याने नाव बदलले, येथे बहुधा गाव सुटल्याने. मात्र दोन्हीकडे नावाला कारण ठरले ते स्थलांतर.

इतर काही गैरसमज थोडक्यात:

‘-कर’ ही विशिष्ट जातीची खूण आहे: आंबेडकर, होळकर आणि तेंडुलकर ही तीन आडनावे शेजारी ठेवली तरी हा समज टिकत नाही.

हा ‘कर’ म्हणजे सारा, म्हणून ही घराणी वसुली करणारी: मग मुंबईकर आणि पुणेकर कोणाकडून वसुली करतात, तेही सांगावे लागेल.

एक आडनाव म्हणजे एक घराणे: एकाच गावातून निघालेल्या अनेक असंबद्ध कुटुंबांना, आणि एकाच नावाच्या दोन गावांतून आलेल्यांनाही, तेच आडनाव पडू शकते.

अशी आडनावे इंग्रजांनी पाडली: नीरा नदीकाठच्या होळ गावावरून आलेले होळकर हे नाव मल्हाररावांनी पेशवाईतच माळव्यात गाजवले होते.

तेव्हा एखाद्या गावात कोण आधी राहत होते, हे ठरवायचे असेल तर जमिनीचे जुने दस्तऐवज, कुळांच्या परंपरा आणि पाड्यांची घडण तपासावी; आडनाव हा रहिवासाचा दाखला नाही.