ओझरचं मिग आणि टेबलावरचं मिग

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अंगठ्याच्या पेराएवढा, नीट तासलेला लाकडी ठोकळा घालायचा आणि बाहेरून गरम हवेचा झोत सोडायचा. बघता बघता बाटली आकसते आणि ठोकळ्याच्या अंगाला घट्ट बसते. थंड झाल्यावर धारदार पात्याने हवा तेवढा भाग कापून घेतला, की हातात येते मिग-२१ बायसनची वैमानिकापुढची काच. अखंड, मधे एकही पट्टी नसलेली.

बाटली आकसते त्यालाही कारण आहे. पेट प्लॅस्टिकची बाटली बनवताना ते गरम करून ताणतात, हवेने फुगवतात आणि तसंच थंड करतात. त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या ताणलेल्या अवस्थेत गोठून राहतात. पुन्हा ७५-८० अंशांच्या वर उष्णता मिळाली की या साखळ्या मोकळ्या होतात आणि मूळच्या गुंतवळ्याकडे परत जाऊ पाहतात. वाटेत ठोकळा आला, तर त्याचाच आकार घेतात.

एवढा खटाटोप एका काचेसाठी का? लढाऊ विमानांची प्लॅस्टिक मॉडेल करणाऱ्यांत ‘कन्व्हर्जन’ नावाचा एक अवघड आणि आनंदाचा प्रकार आहे. किट एका विमानाचं घ्यायचं आणि त्यातून त्याचंच दुसरं रूप घडवायचं. मिग-२१ बिसच्या किटमध्ये पुढची काच पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेली असते. बायसन हे बिसचंच सुधारलेलं रूप, पण त्याची काच अखंड. पंखाच्या मुळाशी शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारी फ्लेअर सोडायचे डबे. शिवाय शत्रूच्या रडारची चाहूल घेणाऱ्या भारतीय ‘तरंग’ यंत्रणेचे अँटेना आणि पंखाखाली आर-७३, आर-७७ ही नवी क्षेपणास्त्रं. यातलं जे जे बिसच्या किटमध्ये नाही, ते मिळवावं लागतं किंवा हाताने करावं लागतं.

टेबलावर जे कन्व्हर्जन होतं, तेच खऱ्या विमानावर महाराष्ट्रात झालं आहे. भारतीय हवाई दलाच्या १२५ मिग-२१ बिस विमानांची बायसन करायचं ठरलं. पहिली दोन रशियात सुधारली गेली आणि बाकीचं काम नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात झालं. रशियन रडार, फ्रेंच आणि इस्रायली उपकरणं आणि आपली स्वतःची यंत्रणा, हे सगळं पन्नासच्या दशकातल्या आराखड्याच्या चिंचोळ्या धडात बसवायचं होतं. तिथल्या इंजिनिअरांनी आणि कारागिरांनी ते बसवलं.

ओझरचा कारखाना १९६४ चा. त्या वेळी यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचेच खासदार. सुरुवातीला तिथे सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडून विमानं उभी केली जात. म्हणजे किटच, फक्त खऱ्या मापाचं! पुढे कच्च्या मालापासून विमानं घडू लागली आणि एफएल, एम आणि बिस या तीन प्रकारांची साडेसहाशेच्या वर मिग-२१ देशात तयार झाली. मॉडेल करणाऱ्याला हे तिन्ही प्रकार ओळखता आलेच पाहिजेत. एफएलच्या पंखाखाली शस्त्रं टांगायच्या जागा दोन, एम आणि बिसच्या चार. कॉकपिटमागचा पाठीचा उंचवटाही प्रत्येकाचा निराळा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं डागणारं मिग करायचं असेल, तर ते एफएलच हवं.

चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीने २०११ पासून १/४८ मापात मिग-२१ ची किट आणली. या मापात ७.१५ मीटरचे पंख जेमतेम १५ सेंटिमीटरचे होतात. लांबी ४८ पटींनी कमी झाली, तरी घनफळ १,१०,५९२ पटींनी घटतं. उड्डाणाच्या वेळी साधारण ८.७ टनांचं असलेलं मिग याच हिशेबाने कमी केलं, तर वजन भरेल अवघं ७९ ग्रॅम.

याच गणिताने बारीक कामाची परीक्षा होते. पत्र्यांच्या जोडाची रेघ मॉडेलवर ०.२ मिलिमीटर रुंद कोरली, तर खऱ्या विमानावर ती जवळपास एक सेंटिमीटरची फट झाली! अशा फटी घेऊन कोणतंही लढाऊ विमान उडत नाही. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटरचा बसला, तरी खऱ्या मापात तो अडीच मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणून रंग पातळ करून एअरब्रशने फवारायचा आणि रेघ कोरण्यापेक्षा शाईच्या फिक्या छटेने सुचवायची. खोल कोरलेल्या रेघा फोटोत उठून दिसतात, पण त्या मॉडेलला खेळणं करून टाकतात.

जोडकामात दोन वेगळी रसायनं लागतात. किटचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचं असतं. त्याचं सिमेंट चिकटवत नाही, विरघळवतं. दोन्ही कडांच्या रेणुसाखळ्या मोकळ्या होऊन एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एक होतो. रेझिनच्या किंवा पितळेच्या भागांवर मात्र हे चालत नाही, तिथे फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्यात कुणी हे काम करायला बसलं, तर इथे ऋतूचा विचार करावा लागेल. वैशाखातल्या कोरड्या हवेत ओलावा नसल्याने हा गोंद रेंगाळतो आणि एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलवर पोचायच्या आतच वाळून खरखरीत बसतो. त्या दिवसांत पहाटेची वेळ गाठावी किंवा रंगात वाळणं लांबवणारं द्रव्य मिसळावं.

बाकी मालासाठी फार लांब जायला नको. पंख्याच्या वाइंडिंगची तांब्याची तार सुमारे ०.२ मिलिमीटरची असते. ४८ पटींनी ती एक सेंटिमीटरच्या जवळ जाते, म्हणजे चाकाच्या दांड्यालगत उतरणाऱ्या ब्रेकच्या नळीसाठी चपखल. मिगच्या नाकापुढे हवेचा वेग मोजणारी लांब नळी असते. प्लॅस्टिकची नळी हमखास मोडते. मेडिकलमधून दोन जाडीच्या कोऱ्या सुया आणून, टोकं घासून एकीत दुसरी सरकवली की ती पोलादाची होते, आणि खऱ्या नळीसारखी पुढे निमुळतीही. हवाई दलाचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचं पातळ चित्र, म्हणून लावतात. त्याखाली ब्रशने थोडं व्हिनेगर फिरवलं तर ते वळणावरही नीट बसतं.

अडतं ते माहितीपाशी. फ्लेअरचा डबा नेमका किती लांब, कॉकपिटच्या आतल्या भिंतीचा रंग कसा, दुरुस्तीनंतर पत्र्याच्या कोणत्या तुकड्यावर वेगळी छटा उरायची, हे किटच्या कागदावर छापलेलं नसतं. ते ज्यांच्या हातून विमानं गेली त्यांना ठाऊक असतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. आता नवं काही बघायला मिळणार नाही, जुनंच जपायचं आहे. मोताळ्याजवळच्या मलकापूरला गाडीत बसलं की त्याच रेल्वेमार्गावर नाशिक रोड लागतं, ओझर तिथून जवळ. तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत ओझरला मिगवर काम केलेलं कुणी निवृत्त असेल, तर वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा. आणि चौथऱ्यावर उभं केलेलं मिग कुठे दिसलं, तर शेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढालच. सोबत चाकांचे, पंखांच्या मुळाचे, शेपटीचे फोटोही घ्या, जवळ एक मोजपट्टी धरून.