विजेवर पळणारी खेळण्यातली आगगाडी

जत्रेत चावीची आगगाडी मिळते. चावी संपली की ती थांबते. पण विजेवर पळणारी खेळण्यातली आगगाडीसुद्धा असते. अमेरिकेत ती फार प्रसिद्ध होती. न्यूयॉर्क शहरात जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० साली लायोनेल नावाची कंपनी काढली. त्यांची पहिली गाडी मुलांसाठी नव्हतीच! दुकानाच्या काचेत फिरवून गिऱ्हाईक बोलवायला ती केली होती. पण लोक दुकानातला माल सोडून गाडीच मागू लागले.

आता ती पळते कशी ते सांगते. तिला तीन रूळ असतात. मधल्या रुळातून वीज येते. इंजिनाच्या पोटाखाली एक छोटे चाक असते, ते मधल्या रुळाला टेकून फिरते. तिथून वीज मोटारीत जाते आणि बाजूच्या रुळांतून परत येते. घरातली वीज तशीच रुळात सोडत नाहीत, ती फार जोराची असते. ट्रान्सफॉर्मर नावाच्या पेटीतून ती कमी करून घेतात. म्हणून मित्रांनो, तारा घेऊन घरच्या बटणाशी खेळू नका हं! १९४६ पासून काही इंजिनांच्या धुराड्यात गोळी टाकली की खरोखर धूर निघायचा. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं.

ज्यांनी लहानपणी या गाड्या खेळल्या, ते आता आजोबा झाले. लहानपणची आठवण म्हणून ते जुन्या गाड्या विकत घेतात. काहीजण लहानपणी मिळाली नाही म्हणून आता घेतात. पण किमतीची गंमत वेगळीच आहे. ज्या गाडीशी मुले खूप खेळली, तिचा रंग उडालेला असतो, म्हणून तिला पैसे कमी. जी खोक्यातून फारशी बाहेरच आली नाही, तिला जास्त. पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यालासुद्धा किंमत येते! आपण तर खोके पहिल्या दिवशीच फाडतो.

१९५७ साली लायोनेलने खास मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती फार खपली नाही. मुलींना खऱ्यासारखीच गाडी पाहिजे होती. गुलाबी इंजिन कोणी पाहिलंय का? मला विचारलं असतं तर मीपण काळंच मागितलं असतं. पण खपली नाही म्हणून ती थोडीच राहिली, आणि थोडी राहिली म्हणून आज ती महाग आहे. साध्या गाड्या मात्र पुष्कळ आहेत. त्यांची आठवण असणारी माणसे कमी होत चालली, तसे त्यांचे भावही उतरले.

तरी त्या गाड्या टिकाऊ आहेत. चालू करण्याआधी जुनी वायर तपासावी लागते, कारण तिचे रबर तडकलेले असते. मग नवी वायर घालायची, रूळ पुसायचे, चाकांना थेंबभर तेल द्यायचे. पुष्कळदा सत्तर वर्षांपूर्वीचे इंजिनसुद्धा तेवढ्यावर परत पळू लागते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी