दिसायला एकच नाव, संगणकाला दोन

मीरा-भाईंदरमधल्या हाटकेश उद्योगनगरातल्या गाळ्यांची भाडेनोंद ठेवणारा प्रोग्रॅम मराठी नावांनी लिहायचा म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला: कोडमध्ये देवनागरी चालत नाही. चालते. जावात १९९६ पासून आणि पायथॉनमध्ये २००८ च्या ३.० आवृत्तीपासून ‘गाळा_भाडे’ हे चलाचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं.

खरी अडचण त्यानंतरची. मीरा-भाईंदर जोडरेघेने लिहिलं, तर पायथॉन ‘मीरा’तून ‘भाईंदर’ वजा करू पाहतो. शिवाय महापालिकेच्या नावात ‘मिरा’ ऱ्हस्व, आपण ‘मीरा रोड’ लिहितो दीर्घ. एका कोडमध्ये दोन्ही आली की दोन चलं झाली. हे निदान डोळ्यांना दिसतं.

‘सारखं दिसतं म्हणजे एकच’ हा समज मात्र फार महागात पडतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ई’च्या जागी अनेकदा ‘इ’ आणि तिच्यावर रफार येतो. मग ‘भाईंदर’ आणि ‘भार्इंदर’ अशी जोडी तयार होते. पहिल्यात सहा संकेतांक, दुसऱ्यात आठ. वाचणाऱ्याला फरक जाणवतही नाही आणि पायथॉन म्हणतो, असं नावच नाही. ‘ॲ’चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’वर चंद्र जोडत, आणि ते आजही करता येतं. ‘पायऱ्या’तला ‘ऱ्य’ही दोन तऱ्हांनी टाइप होतो. त्यातल्या एकीत न दिसणारं सांधणारं चिन्ह असतं. पायथॉन ते नाकारतो, जावास्क्रिप्ट स्वीकारते आणि दोन वेगळी नावं मानते.

पायथॉन नावं एकसारखी करून घेतो, हे खरं, पण अर्धंच. नुक्त्याचा ‘फ़’ कसाही टाइप केला तरी तो एकच धरतो. ‘ई’ आणि ‘ॲ’च्या वरच्या जोड्या युनिकोडच समान मानत नाही, त्यामुळे त्या वेगळ्याच राहतात.

गो भाषेत तर ‘घर’ चालतं, ‘गाळा’ नाही. तिच्या नियमात अक्षरं आणि अंक बसतात, काना-मात्रा बसत नाहीत. कोट्यवधी लोकांची लिपी अशी अर्धी स्वीकारणं मला अन्यायाचं वाटतं.

मग रोमन लिपी बरी? तिथे ‘दर’ आणि ‘दार’, ‘माल’ आणि ‘माळ’ सहज एकाच स्पेलिंगवर येऊन आदळतात. त्यापेक्षा देवनागरीच ठेवावी, गटाने एकच कळफलक ठरवावा आणि रफारवाली ‘इ’, सुटा चंद्र, अदृश्य चिन्हं पकडणारी तपासणी कोड जमा होण्याआधी लावावी.