‘सी’ कुणी धरलाय?

प्लिकर्सचं कार्ड हातात आलं की मुलं आधी ते उलटसुलट फिरवून बघतात. जाड कागद, मधोमध काळ्या चौकोनांची वेडीवाकडी नक्षी, क्रमांक, आणि चार कडांना अगदी बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रत्येक मुलाची नक्षी वेगळी. फळ्यावर प्रश्न लिहायचा. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड मुलांनी छातीशी धरायचं आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवायचा. पडद्यावर नावं उमटत जातात, बरोबर उत्तरांची हिरवी, चुकलेल्यांची लाल. मुलांकडे फोन नको, टॅब नको. शेजाऱ्याचं बघून कार्ड धरावं, तर त्याची नक्षीच निराळी.

जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला गणित शिकवताना मी हे साधन वापरतो. ‘समजलं का?’ असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. हात वर करणारी चार-पाच मुलंही ठरलेलीच. बाकीच्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं थेट घटक चाचणीत, आणि तोवर पुढचं प्रकरण सुरू झालेलं असतं. कार्डांमुळे ते त्याच तासाला कळतं. मात्र त्यासाठी प्रश्न तसा बांधावा लागतो, आणि माझा खरा वेळ जातो तिथेच.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. ‘0.6, 0.65 आणि 0.312 यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती?’ ए, बी, सी हे पर्याय याच क्रमाने. सी धरणारं मूल दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतं: तीनशे बारा म्हणजे पासष्टाहून मोठे. ए धरणाऱ्याची गडबड वेगळी. दशांशापेक्षा शतांश लहान, हे त्याने बरोबर ऐकलंय, पण त्यावरून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असा नियम त्याने स्वतःच बसवलाय. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी मुलांच्या याच दोन समजुतींचा बारकाईने अभ्यास केला आहे. मी नुसतं ‘0.6 मोठी की 0.45?’ असं विचारलं असतं, तर या दुसऱ्या मुलाचं उत्तर बरोबर आलं असतं आणि त्याची चुकीची समज तशीच पुढे सातवीत गेली असती. डी हा पर्याय मी नेहमी ‘मला नक्की माहीत नाही’ यासाठी राखून ठेवतो. सुरुवातीला तो कुणीच धरत नाही. डी धरल्यावर सर रागावत नाहीत, उलट थांबून पुन्हा सांगतात, याची खात्री पटली की मग हळूहळू ती कार्डं दिसायला लागतात. मला त्यांचा फार आनंद होतो.

निकाल हाती आल्यावर काय करायचं, याची चांगली रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी 1991 पासून घालून दिली. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर शिक्षकाने गप्प राहायचं आणि मुलांना शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला सांगायचं. मग पुन्हा मत. त्याहून कमी असतील तर संकल्पना नव्याने शिकवायची, जास्त असतील तर पुढे जायचं. ही पटवापटवी सहावीच्या वर्गात ऐकण्यासारखी असते. ‘अगं, साठ पैसे आणि पासष्ट पैसे!’ असं एखादी म्हणते आणि शेजारणीचं कार्ड तिथल्या तिथे फिरतं. तरीही दोघं-तिघं सीवरच राहतात. त्यांच्यासाठी शंभर चौकटींचा कागद आणि रंगीत खडू काढायचे. तिथे फोनचं काम संपतं.

हाताळणीच्या काही गोष्टी. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नये, खिडकीचा उजेड त्यावर परततो आणि कॅमेऱ्याला नक्षी वाचता येत नाही. बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत, कडेला धरायची. निकाल टीव्हीवर दाखवायचा असेल तर फक्त आलेख दाखवावा. लाल झालेली नावं शिक्षकाच्या फोनमध्येच राहावीत, याबाबत माझा आग्रह पक्का आहे. यादीतही मी नावांऐवजी हजेरी क्रमांकच भरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी कुणाचं गणित कच्चं आहे हे परक्या सर्व्हरवर नावानिशी ठेवण्याचं कारण नाही.

शाळेत स्मार्ट टीव्ही असेल तर फोनचा आणखी एक उपयोग करून बघाच. पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, खाली मुलाची वही. फोनचा पडदा टीव्हीवर घेतला की वहीतलं गणित सगळ्या वर्गाला दिसतं. बऱ्याच टीव्हींमध्ये मिराकास्टची सोय असते. तिला इंटरनेट लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. चुकलेलं गणित दाखवायचं तर आधी त्या मुलाला विचारावं.

बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचं ‘दीक्षा’वरचं साहित्य रेंज असेल तिथेच डाउनलोड करून ठेवावं, वर्गात चक्र फिरताना बघत बसू नये. मराठी बोलून टाइप करण्याची सोय गूगलने 2017 मध्ये दिली. वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचं काम तिने खूप हलकं केलं आहे. प्रश्नपत्रिका मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

माझी एक मागणी आहे ती केंद्राच्या शिक्षण परिषदेकडे. दर वेळी एखाद्या नव्या अ‍ॅपची ओळख करून देण्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने एक प्रश्न आणावा: एक बरोबर उत्तर, दोन चुकीची, आणि ती चुकीची उत्तरं मुलं का निवडतात हे त्याखाली दोन ओळींत. केंद्रात दहा शाळा असल्या तर वर्षभरात दशांश, कोन, परिमिती, क्षेत्रफळ असं सगळं जमा होईल. कार्डं छापायला आम्ही तयार आहोत, पण 0.312 सारखा पर्याय सुचायला वर्गात बसलेल्या मुलाची चूक आधी कुणीतरी नीट बघितलेली असावी लागते.