झाकण लावून फोटो!

कोनवर कल्याण-भिवंडीच्या दिव्यांचा उजेड इतका, की तेजोमेघ टिपायला वांगणीसारखं ठिकाण गाठावं लागतं. तिथेही ५ मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये लाल-निळे ठिपके दिसतात. ते तारे नव्हेत, सेन्सरमधले 'हॉट पिक्सेल'! उष्णतेमुळे त्यांत प्रकाशाविनाच इलेक्ट्रॉन साठतात.

उपाय सोपा. लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या, त्याच आयएसओच्या, त्याच तापमानाच्या २० 'डार्क फ्रेम' घ्या. त्यांची सरासरी मूळ फोटोतून वजा करा.

"होस्टेलवर जाऊन घेऊ" म्हणाल, तर फसाल! दर ६-७ अंशांना हा 'डार्क करंट' साधारण दुप्पट होतो. खोलीतल्या उकाड्यातल्या फ्रेम पहाटेच्या थंडीतल्या फोटोशी जुळणार कशा? जास्त वजा होऊन ठिपक्यांच्या जागी काळी भोकं पडतात. तेव्हा पहिली लोकल चुकली तरी चालेल, पण झाकण तिथेच लावा!